कडता

मोंढ्याच्या फाटकाशी, वजनकाट्यावर
एकतीस वर्षं बसलो मी.
ट्रक यायचे अंबडकडून, घनसावंगीकडून,
ताडपत्रीखालून आधी मोसंब्यांचा वास उतरायचा,
मग ड्रायव्हर.
वास सोडून बाकीचं मी लिहून घ्यायचो.
देठ, पाला, दबलेलं, फुटलेलं
सगळं कडत्यात. शेकडा इतकं वजा.

खाल्लीच नाहीत असं नाही.
पण जालन्यात राहून मोसंबी म्हणजे
आजाऱ्याचं फळ.
जाळीच्या पिशवीतून सरकारी दवाखान्यात न्यायचं,
उशाशी ठेवायचं,
आणि सलाइनकडे बघत विचारायचं, बरं वाटायलंय का.

आता फाल्गुन. मृग बहर उतरलाय.
मला घरी बसून चौथा महिना.
पद्मिन म्हणाली, रिकामे बसण्यापरीस फोडी सोला.

आधी साल. मग आतली पांढरी कापसासारखी.
मग फोडीफोडीवरचा पापुद्रा,
"त्याच्यातच असतंय सगळं कडू, राहू देऊ नका."
पावत्या फाडून फाडून शिकलेली माझी बोटं,
पहिल्या तीन फोडींचा गाळ झाला.
ती बोलली नाही काही,
गाळ उचलून खाऊन टाकला.

चौथी अख्खी निघाली.
खिडकीशी धरली तर आत
रसाचे बारके बारके थेंब, उभे, दाटीवाटीनं,
लग्नाच्या टेम्पोत वऱ्हाडी उभे असतात तसे,
हलायला जागा नाही
आणि सगळे खुशीत.

दही रात्रीच टांगलं होतं फडक्यात,
नळाच्या तोटीला.
साखर किती, मी विचारलं.
अंदाजानं.
म्हणजे किती ग्रॅम?
"म्हणजे तुम्ही गप बसाल इतकी."

चिमूटभर मीठ. दोन वेलदोडे कुटून.
वर फोडी ठेवायच्या, ढवळायचं नाही,
आणि लगेच खायचं,
मोसंबी सोलली की थांबत नाही म्हणे,
घटकाभरात कडवटते.
मी भरलेले ट्रक उन्हात
दोन-दोन तास उभे केलेत रांगेत.
हे कुणी सांगितलंच नाही.

जिभेवर फोड फुटली तेव्हा
दुपारचे बारा, पंखा बंद, लाइट गेलेली,
आणि घशापर्यंत गार.
मी आजारी नव्हतो.
आजारी नसताना मोसंबी खातोय, आणि मला
कुणी काही विचारत नाही,
एवढंच किती वेळ बरं वाटत राहिलं.

साली टाकायला निघालो
तर भिंतीपलीकडून नुसरतभाभी,
"फेको मत भाईसाब, इधर दो."

शुक्रवारी वाटी आली. जर्दा.
केशरी भातात साखरेत मुरलेल्या
सालीच्या काड्या, नखाएवढ्या, चमकणाऱ्या.
तीनदा उकळून पाणी फेकलं की कडू जातं,
थोडंसं ठेवायचं मात्र, असं पद्मिनला सांगून गेल्या.

एक काडी चावली.
आधी तो वास उतरला, ताडपत्रीखालचा,
मग गोड, मग अगदी शेवटी ते ठेवलेलं थोडंसं.
एकतीस वर्षांचा माझा कडता
कोण कोण शिजवत होतं, कुणास ठाऊक.

वाटी हातावर तोलून पाहिली मी. सवय.
अडीचशेच्या आसपास.
"आसपास?" पद्मिन हसली,
आणि म्हणाली, रिकामी कशी पाठवायची,
बसा, सोला.