गुरुवारी पाणी बंद

गुरुवारी अख्ख्या धायरीत पाणी बंद,
म्हणून आमचं जमणंही गुरुवारी.
नाहीतरी त्या दिवशी धुणं निघत नाही,
असं नफीसा म्हणते.

क्लबहाऊसमधलं टेबल टेनिसचं टेबल
भिंतीला ढकललेलं, वर सात दुपट्यांच्या पिशव्या,
खाली सतरंजी. पंख्याला एकच वेग.

मी तेविसाव्या दिवशी गेले.
आईची अळिवाची खीर खाऊन झालेली,
सासूबाईंचं 'पुरत नाही वाटतं त्याला'
दोनदा ऐकून झालेलं,
आणि शेजारच्या काकूंनी, न विचारता,
डब्याच्या दुधाचं नाव कागदावर लिहून दिलेलं.
कागद पर्समध्ये होता.

किती येतं, असं कुणी विचारलं नाही.
वैजयंता, पीएमटीत कंडक्टर,
तिने माझ्या कोपराखाली उशी सारली,
बाळाची हनुवटी बोटाने जरा खाली केली.
'आ मोठा करू दे. घाई कुणाला आहे?
माझं तर स्वारगेट येईस्तोवर गळायला लागायचं,
तिकिटाचं मशीन चिकट.'

मग भेगा दाखवल्या आम्ही एकमेकींना,
बायका नवीन बांगड्या दाखवतात तशा.
कुणीतरी कोबीचा गड्डा आणलेला, फ्रिजमधला.
एकेक गार पान ब्लाउजमध्ये सारताना
मी कितीतरी दिवसांनी हसले,
टाके ओढले जाईपर्यंत.

खिडकीशी तेजल. मांडी रिकामी.
तिची मुलगी ससूनमध्ये, काचेत,
नऊशे ऐंशी ग्रॅम.
दोन-दोन तासांनी ती हाताने पिळून काढते,
बर्फाच्या डब्यात घालून रिक्षाने नेते.
'काल तीन चमचे निघालं,' ती म्हणाली.
आम्ही म्हणालो, 'तीन?'
अगदी मनापासून, जसं कुणी तीन मजले बांधले.

तेवढ्यात नफीसाचा झोपलेला मुलगा
ठसका लागून रडला.
एकच पोर रडलं,
आणि सतरंजीवरच्या साऱ्याजणींना पान्हा फुटला,
बोलता बोलता छात्या भिजल्या,
माझी, जिला येत नव्हतं तिची,
तेजलची.
ती ओल्या ब्लाउजकडे बघत राहिली,
मग म्हणाली, 'वाटी द्या कुणीतरी, लवकर.'

कागद अजून पर्समध्येच आहे.
टाकला नाही, लागलाही नाही,
उद्याचं कुणी सांगावं.

जिना उतरताना लिफ्टशेजारची पालिकेची सूचना वाचली,
रोज दिसते, वाचली आज:
शुक्रवारी सकाळी
उशिरा आणि कमी दाबाने
पाणी येईल.