नातं

पहिल्यांदा विचारलं ते फाटकापाशी,
काठी माझ्या हनुवटीखाली लावून :
"तू यायच्यातला हायेस का बे?"
हातात पेचकस, खांद्यावर जुनी मोटर,
शर्टाच्या खिशात गीतांचं पुस्तक दुमडलेलं.
मी म्हटलं, "नाही भाऊ, मी कूलरवाला."

तसं खोटंही नव्हतं ते.
मे महिना, मानेवाड्यामागचं टिनाचं घर.
शांतवन मास्तरांच्या कूलरचा पंप
प्रार्थनेच्या तोंडावरच बसला,
म्हणून मी गुडघ्यांवर होतो खरा,
पण पंपापुढे.
आत एकवीस माणसं. नऊ त्यातली लेकरं.
बाहेरून आलेले किती, ते मोजायला
मी थांबलो नाही.

दुसऱ्यांदा गाडीजवळ. हवालदार थकलेला होता,
त्याला माझं उत्तर नकोच होतं,
तरी मी दिलं.

तिसऱ्यांदा ठाण्यात.
मास्तर बाकावर. चष्म्याची एक काच गेलेली,
दुसरीतून ते माझ्याकडे बघत होते.
"ओळखतो का याला?"
"गिऱ्हाईक आहे साहेब. तेवढंच."
आणि मास्तर म्हणाले,
"हो. त्याचे पावणेतीनशे द्यायचे राहिलेत माझ्याकडून.
जाऊ द्या त्याला, लेकरं वाट बघत असतील."

बाहेर आलो. कोंबडा कुठला आरवतो शहरात?
अजनीकडे शंटिंगचं इंजिन ओरडलं, लांबलचक.
मी पानठेल्याच्या आडोशाला बसलो
आणि सायकलचं कुलूप उघडताच येईना.

घरी एलिशिबानं काही विचारलं नाही.
ताट वाढलं. खिशातलं पुस्तक काढून
घामानं चिकटलेली पानं एकेक सोडवत
पंख्याखाली वाळत घातली.

रविवारी मोडक्या बाकांवर जागा कमी होती,
म्हणून बायका खाली बसल्या, आणि खालीच ठरलं सगळं.
मास्तरांच्या घरी रात्री कोण झोपणार.
वकिलाचे पैसे कोणाच्या भिशीतून.
सुवार्ताबाईंना गल्लीच्या नळावर पाणी भरू देत नाहीत,
तर मोहननगरहून ड्रम कोणाच्या ऑटोत.
कोणी रडलं नाही. फक्त म्हातारे प्रभुदासजी
"माझी पेन्शन एक तारखेला होते" असं
तीनदा म्हणाले.
मला कोणी काही सांगितलं नाही.
माझ्यापुढे डबा आला, त्यात मी नोट टाकली,
आणि हात बाहेर काढायला वेळ लावला.

मंगळवार. वर्धा रोड. जेलची खिडकी.
पत्र्याची सावली संपते तिथं माझा नंबर सुरू.
वरून मेट्रो जाते, थंडगार, कोणाचंच नाव न विचारता.
दोन बनियन, साबणाच्या दोन वड्या, आधार कार्ड.
बाबूनं रजिस्टर फिरवलं :
"बंद्याशी नातं?"

चौथ्यांदा विचारलं होतं मला.

"भाऊ."
"आडनाव तर वेगळं दिसून राहिलं."
"वेगळंच असते आमच्यात."
त्यानं मान वर केली. मागे रांगेत कुजबुज.
माझ्या पाठीतून घाम उतरला,
पण शब्द उतरला नाही.
त्यानं लिहिलं. सावकाश, वळणदार. भाऊ.

काचेपलीकडे मास्तर. दाढी वाढलेली,
चष्मा नाही, त्यामुळे हसले ते जरा बाजूला.
आठवडाभर घोकलेलं वाक्य
मी रिसीव्हरमध्ये ओतणार, तर तेच म्हणाले,
"पंप बसवला का रे? घरी उकडत असेल लेकरांना."
"बसवला."
"पावणेतीनशे?"
"बाहेर आल्यावर द्या."
मग खरखर. मग त्यांचा आवाज, घाईचा :
"सहा नंबर बराकीत एक जण आहे,
आरमोरीकडचा. त्याचं कोणी येत नाही.
पुढच्या वेळी त्याचंही नाव सांग खिडकीवर."
"आणि नातं काय सांगू?" मी विचारलं,
पण वेळ संपली होती,
लाइन मेली होती,
आणि ते काचेमागे मान हलवत होते,
मला ऐकू आल्यासारखी.

परतताना बर्डीवर उतरलो.
साबण घेतला. चार वड्या.