खंय आसा ता?

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत
संगणक अकरा वर्षांचा.
चालू केला की घोरतो
शेजारच्या बर्फ फॅक्टरीच्या तालावर.
आग्नेल डिसोझाने तो एका रविवारी उघडला,
आतली खारट धूळ फुंकली
आणि लिनक्स घातलं. फुकट,
म्हणजे एका थाळी तिसऱ्यांच्या बोलीवर.

सोमवारी येऊन बघते तर पडदा निळा. रिकामा.
पूर्वी सगळं वाळत घातल्यासारखं असायचं,
सुक्या बांगड्यांसारखं, रांगेने,
तिसऱ्या ओळीतलं चौथं
मी न बघता उचलायचे.
आता नुसतं पाणी.
"सगळा खंय गेला रे?" मी फोनवर ओरडले.
तो म्हणाला, "काकी, शोधू नका. हाक मारा."

डावीकडे खाली खिडकीचं चित्र असलेली कळ.
खिडकी गेली, कळ राहिली.
ती दाबली की वर एक फट उघडते,
तिच्यात दोन अक्षरं सोडायची,
तिसरं पडायच्या आत वस्तू हजर,
गळाला लागल्यासारखी.

ठीक. पण हाक कोणत्या नावाने?
पावतीची पीडीएफ उघडणारा, त्याचं नाव एव्हिन्स.
हा कोणाचा कोण?
फायलींची पेटी राखणारा नॉटिलस.
म्हणजे शंख, आग्नेल म्हणाला.
मग शंखच म्हणायचं होतं की.

आमच्याकडेही तेच म्हणा.
रजिस्टरात पांडुरंग विठोबा कोळंबकर,
बंदरावर विचारलं तर माना हलतात,
असा कोणी नाही इथे.
सुंगटो म्हणा,
दहा हात एकाच होडीकडे वळतील.
डिझेलचं अनुदान त्याचं चार महिने
या दोन नावांच्या मधल्या पाण्यात तरंगत होतं.

मी हे बोलले ते हसण्यावारी.
आग्नेल हसला नाही.
पुढच्या रविवारी त्याने दाखवलं,
प्रत्येक कामाच्या पाठीमागे एक चिठ्ठी असते,
साधी, वहीतल्या पानासारखी:
नाव काय, कुठून सुरू करायचं, चित्र कोणतं.
आणि खाली एक ओळ,
याला आणखी काय काय म्हणतात.

ती ओळ मी दोनदा वाचली.
एवढी सोय पांडुरंग विठोबाला
कुठल्या सरकारी फॉर्मात नव्हती.

कॅल्कच्या चिठ्ठीत मी लिहिलं: इसाब.
मग अर्धविराम, आग्नेल बजावत होता, विसरू नका.
मग लिहिलं: पावणी. म्हावरा. उधारी.
एव्हिन्सला दिलं: पावती.
शंखाला दिलं: पेटी.
बोटं जरा थरथरली,
बारशाला कानात नाव सांगताना थरथरतात तशी.
मग कळ दाबली, इ लिहिलं, सा लिहिलं,
आणि हिरव्या चौकटींचा तक्ता वर आला,
निमूट,
जन्मभर हेच नाव ऐकत असल्यासारखा.

ही बातमी बर्फाच्या लादीपेक्षा लवकर पोचली.
संध्याकाळी सुंगटो स्वतः आला,
ओल्या हातांनी दारातच उभा.
"माझा नाव लिव बगू."
लिहिलं. काही सापडलं नाही.
"ह्येच्यात माणसां गावनत नाय," मी म्हटलं.
त्याला पटलं नसावं.
पडद्याकडे बघत राहिला थोडा वेळ,
पाण्यात खडकाची खूण बघतात तसा डोळे बारीक करून.
"बरां, मग च्याय लिव गो."
तेही नाही.
"मगे कित्याक होयो ह्यो डबो?" म्हणाला, आणि गेला.

तो गेल्यावर मी कडी लावली
आणि एक नवी चिठ्ठी लिहिली, माझी मीच.
काम: पडद्याला कुलूप.
आणखी काय म्हणतात: च्याय.
आता चारच्या सुमारास,
होड्या परतायच्या जरा आधी,
मी कळ दाबते, च लिहिते,
पुढचं लिहावंही लागत नाही.
पडदा काळा होतो.
पंखा अजून घोरत असतो.
मी पदर खोचून पलीकडे टपरीवर.