सेहेचाळीस अंश

समुद्र आम्ही बादलीत कालवतो.
पेंचचं पाणी, दोन दिवस उघडं ठेवलेलं,
त्यात पुड्यातलं मीठ, लाकडी डावाने,
काचेची नळी तरंगून सांगेल तिथं थांबायचं.
इस्तारीभाऊ म्हणतात, वरणासारखं आहे,
हात बसला पाहिजे.

विंचूमासा चेन्नईच्या गाडीने आला,
थर्माकोलच्या पेटीत, फुगवलेल्या पिशवीत.
पेटीवरचं बेटाचं नाव बर्फाने पुसलं होतं,
शेवटचं ‘बार’ तेवढं उरलेलं.
मंगळवारीतली पोरं त्यावर आठवडाभर हसली.

विटकरी पट्टे, पाठीवर तेरा काटे,
पंख असे, की वाळत घातलेलं लुगडं
कुणी उचलायला विसरलं.
तो पोहायचा नाही. असायचा.
गप्पी सोडली की आधी ती असायची,
मग नसायची.
मधलं काही मला कधी दिसलं नाही.

मे महिना, दुपारचे दोन, लाईट गेली.
टाकीत बर्फाच्या पिशव्या सोडताना
भाऊंचा अंगठा लागला.
ओरडले नाहीत. स्टुलावर बसले.
“खांद्यापर्यंत खिळा ठोकून रायला बाप्पा कोणी.”

डॉक्टर वासनिक फोनवर म्हणाले, गरम पाणी,
सोसेल तेवढं. हे विष उष्णतेने मोडतं.
मग लगेच घेऊन या.
मी शेगडी शोधत राहिलो.
भाऊंनी डाव्या हाताने नळ सोडला.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी,
ज्याला आम्ही एप्रिलपासून शिव्या देतो,
त्यात कोपरापर्यंत हात घालून
ते बसून राहिले. बाहेर सेहेचाळीस.
रिक्षा येईपर्यंत एकदाच बोलले,
“उतरून रायलं.”

लाईट साडेसहाला आली.
तोवर काचेमागचा समुद्रही तापला होता.
पंख पसरलेलेच होते,
पण आता ते तो धरून नव्हता.

दवाखान्यातून आल्यावर भाऊंनी
जाळी घेतली नाही, लांब चिमटा मागितला.
“तो मेला. काटा नाही मेला.”
कागदात, मग डब्यात, डब्याला दोरी.
अंगठा वांग्यासारखा सुजलेला,
तरी गाठ त्यांनीच मारली.

सकाळी मी टाकी रस्त्यावर रिकामी केली.
बोट बुडवून चाटलं आधी. नीट बसला होता हात.
पाणी उताराने सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत गेलं
आणि दहा मिनिटांत वाळलं.
डांबरावर एक पांढरा किनारा राहिला,
वेडावाकडा.
दुपारपर्यंत लोक त्यावरून चालत होते.