माळा पडला नाही

शाहूपुरीत गुळाच्या गोदामाला आग लागली
तेव्हा धुराआधी वास आला,
दिवाळीच्या पाकाचा, जरा जास्त झालेल्या.
सुकुमार मगदूम, नोकरीला अकरा दिवस,
गाडीत म्हणाला, "काका, भूक लागली वो."
कुणी हसलं नाही.
मी वारा बघत होतो.
चौकातल्या फ्लेक्सचा सुटलेला एक कोपरा
आमच्याच दिशेनं टाळ्या वाजवत होता.

उतरल्यावर मी लगेच पाण्याकडं जात नाही.
आधी इमारतीला एक फेरी.
लोकांना वाटतं, म्हातारा प्रदक्षिणा घालतोय.
मागं बोळ, बोळात एकच दार, बाहेरून कुलूप.
मीटरची पेटी, वायर जिवंत. आधी लाईन तोडून घेतली.
पत्र्याखाली जुन्या तुळया, तुळयांवर माळा,
माळ्यावर माल किती, कुणालाच नक्की सांगता येईना.
हमाल किती?
"तीन."
तिघं समोर उभे, एकाच्या पायात एकच चप्पल.
तिघांना हात लावून मोजलं.
रात्री नुसत्या डोळ्यांचा हिशेब चुकतो.

म्हणजे आत माणूस नाही.
हे मी मनाशी दोनदा म्हटलं,
कारण पुढचं सगळं त्यावर उभं होतं.

शेठ म्हणाले, "वह्या हायत आत, पंचवीस वर्सांच्या.
कपाट दारापासनं धा पावलांवर."
गर्दी म्हणाली, "जावा की मग! पगार कशाचा घेताय?"

चौघं आत पाठवले.
दहा पावलं खरंच फार नसतात.

मी अर्ध्या शटरपाशी.
दारात उभा असलेला माणूस
काहीच करत नाही असं दिसतं.
धूर आधी पिंजलेल्या कापसासारखा सैल निघत होता.
मग पिवळट झाला, घट्ट.
बाहेर यायचा, थांबायचा,
आणि परत आत ओढला जायचा,
घोरणाऱ्याच्या श्वासासारखा.
शेजारच्या बंद शटरचा रंग फोडासारखा फुगला.
उंबऱ्यावरून गूळ आला, काळा, संथ,
आणि माझ्या बुटाला चिकटला.
वर कुठंतरी लाकूड बोललं.
एकदाच.
जड माणूस खाटेवर कूस बदलतो, तसं.

वायरलेसवर इलाही: "कपाट दिसलं. दोन मिन्टं."

आगीच्या आतून माणूस मागतो ती
कायम दोनच मिनिटं असतात.

"सोडा. बाहेर."
"काका, हात लागलाय कपाटाला..."
"इलाही, सगळे. आत्ता."
शिट्टी, तीनदा, लांब.

एक.
दोन.
तिसरा सुकुमार, गुडघ्यापर्यंत गुळानं माखलेला.
चौथ्याला जेवढा वेळ लागला
तेवढा अजून माझ्या छातीत अडकून आहे.
चार.

मग बाहेरूनच पाणी, पहाटे पाचपर्यंत.

आणि माळा पडला नाही.

उजाडलं तेव्हा तिथंच होता,
तुळया कोळशासारख्या, तरी वाकलेल्यासुद्धा नाहीत.
कपाटात वह्यांची राख पानाला पान लागून.
हात लावला असता तर कदाचित
तेव्हा त्या कागदच असत्या.
शेठ बघत राहिले, बोलले काहीच नाहीत.
बोलला तो चहावाला: "काका, उगंच भ्यालासा."

भ्यालो असेन.
रिपोर्टात पडलेल्या छपराला रकाना आहे,
न पडलेल्याला नाही.
मी लिहिलं: गेले चार, आले चार.
साहेबांनी त्याखाली रेघ मारली,
शाबासकीची का शंकेची, विचारलं नाही.

बूट काढताना सुकुमार म्हणाला,
"तुम्हाला कसं कळलं?"
"कळलं नव्हतं रं.
कळेस्तोवर थांबायचं नसतं, एवढंच ठाऊक होतं."
त्याला पटलं नाही, तोंडावर दिसत होतं.
पटायला अकरा दिवस थोडे आहेत.
मलाही रात्री आडवं पडल्यावर
अजून अधनंमधनं ते कपाट दिसतं.

दुपारी स्टेशनात मुंग्या आल्या.
भिंतीपासून रांग धरून, गूळ लागलेल्या बुटांकडं.
ओळीनं ठेवलेले चौघांचे बूट.
आठ.
मी परत एकदा मोजले.