कीट

शेफिल्डला पार्सल आलं मंगळवारी.
कस्टमच्या कागदावर एक रकाना: मूल्य.
त्यापुढे म्वानाकोंबोच्या तिरप्या अक्षरात: शून्य.
आत सात किलो कीट,
लोखंड काढून घेतल्यावर भट्टीने थुंकून दिलेलं,
हजारेक वर्षं खारफुटीच्या चिखलाकाठी पडलेलं.
पिशवीवरचं गावाचं नाव दमट हवेने अर्धं खाल्लेलं.

फोनवर ती म्हणाली, आमच्याकडे लोखंडाला चुमा म्हणतात.
मी हसले. का, ते सांगितल्यावर
तीही इतकी हसली
की तिच्यामागे कुठेतरी कोंबडं आरवलं.

आता कापायचं.
कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापलं की
ते होतं तसं उरत नाही.
हे इथे कुणी शिकवलं नाही, नुसती करवत दिली.
हिऱ्याची पात, वर पाण्याची धार,
आणि एकाएकी वास,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा.

राळेत बसवलं. घासलं.
खरखरीत कागद, मग बारीक, मग मखमल.
भिंगाखाली नेच्याची पानं उगवली,
राखाडी, फार बारीक,
आणि त्यांच्यामध्ये कोळशाचा एक कण
लाकडाच्या पेशी मोजाव्यात इतका शाबूत.

मिसेस हॅटर्स्ली फरशी पुसायला येतात साडेपाचला.
त्यांचे वडील डॉन नदीकाठच्या कारखान्यात होते,
ठिणगीच्या रंगावरून पोलाद ओळखायचे.
बाईंनी भिंगाला डोळा लावला
आणि बराच वेळ काढलाच नाही.
मग म्हणाल्या, हे फार लवकर निवलंय गं.
भाता मध्येच सोडला कुणीतरी.

मी तक्त्यात लिहिलं होतं:
जलद थिजलेलं. कारण अज्ञात.

भरती आली असेल. शीड दिसलं असेल.
पोर रडलं असेल.
भाता ओढणाऱ्याच्या खांद्यात कळ आली असेल
आणि दुसरा कुणी जागेवर नसेल.
अहवालात यातलं काही मावत नाही.

मिरजेचे धुंडिराज वैद्य मंडूर करताना
आधी कीटाचं वय विचारायचे.
साठ वर्षांचं हलकं, ऐंशीचं बरं,
शंभराच्या पुढचं उत्तम.
पांढऱ्याफटक पोरींना मधातून चाटवायचे.
मी चाटलंय. जिभेवर दिवसभर खिळा.
हजार वर्षांच्या कीटाला काय म्हणाले असते?
बहुधा काहीच नाही.
तळहातावर घेऊन नुसतं तोललं असतं.

आज शुक्रवार. परत पाठवायचंय.
दोन अर्धुकं, कापसात, वेगवेगळ्या डब्यांत,
कापल्या जागी ती आता आरशासारखी झालीत,
एकमेकांवर घासायला नकोत.

तोच कागद. तोच रकाना.
मी पेन धरून उभी आहे.
कुरिअरवाला घड्याळाकडे बघतो,
मग माझ्याकडे.