पुढील तारखेपर्यंत

कागद तीन पानी. खाली जांभळा शिक्का, जरा फिसकटलेला.
तो घेऊन मी अक्कलकोट रोडला गेलो, दुपारी दीडला,
डांबर चपलेला धरून ठेवतं त्या वेळी.

म्याकलच्या कारखान्यात बारा माग.
आवाज एवढा, की मी नाव दोनदा सांगितलं
आणि बेलिफ आहे हे हातवाऱ्यांनी.
अंबादास म्याकलनं चष्मा पुसला त्याच्याच टॉवेलला,
वाचलं. मग तेलुगूत कुणाला तरी काही म्हणाला,
आणि बारांतले सात माग
एकेक करून गप्प झाले.
पाच चालू राहिले. ते जुन्या चालीचे,
त्यांच्यावर कुणी हक्क सांगत नाही.

भांडण एका चकतीचं.
पोलादी, तळहातावर मावेल एवढी.
ती फिरते तेव्हा टॉवेलचा फासा न् फासा
सारख्या उंचीचा उभा राहतो, सूत वाचतं.
दुडमच्या पेटंटात खाचा तीन.
म्याकलच्या चकतीला चार.
चौथी काहीच करत नाही, असं दुडमचे वकील.
सगळं तीच करते, असं म्याकलचे.
न्यायाधीशबाईंनी चकती उजेडात धरून फिरवली म्हणे,
आणि लिहिलं : प्रथमदर्शनी.

अठरा वर्षं हा शब्द पोचवतोय मी दारोदार.
दुसऱ्या नजरेचा कागद
क्वचितच आला माझ्या हाती.

पान दोन : भरून न येणारं नुकसान.
ते दुडमचं.
म्याकलचं भरून येण्यासारखं,
पैशानं, पुढे कधी, जिंकलाच तर.

कांड्या भरणारी नागमणी विचारते,
म्हणजे उद्या यायचं का नाही?
कागदात उद्या नव्हता.
कागदात सतरा जून होता.

पंचनामा केला. चकत्या सात, खाचा प्रत्येकी चार,
बोट घालून मोजल्या.
चौथीत तेल जास्त साचलं होतं.
त्याचा अर्थ काय, हे लिहायला रकाना नाही.

निघताना म्याकलनं हटकलं.
सातव्या मागावर टॉवेल अर्धा होता :
इथपर्यंत फासे, दाट, मऊ,
तिथून पुढे नुसते उभे धागे, ताणून धरलेले.
म्हणाला, साहेब, बीम सैल करू का?
विणत नाही. एवढंच.
असंच ताणून ठेवलं तर जूनपर्यंत सूत मरतं.
हुकुमाचा भंग होईल का त्यानं?

तिन्ही पानं पुन्हा चाळली.
विणू नये, विकू नये, बनवू नये, बनवून घेऊ नये.
सैल करण्याबद्दल एक अक्षर नाही.
माझी आई साखर पेठेत कांड्या भरायची.
ताणलेलं सूत रात्री कसं कण्हतं
हे मला कुणी शिकवायला नको.

मी म्हटलं, जरा पाणी पिऊन येतो.

बाहेर माठ होता, पेला साखळीला बांधलेला.
दोन पेले प्यालो. तहान एकाचीच होती.

परत आलो तेव्हा त्याची सही तयार होती,
तारखेसकट.
मागाकडे मी पाहिलं नाही.